मागे बघणारा मोर

"राखाडी?" वन्संनी साडीची घडी दोन बोटांनी उचलली, मेलेली पाल उचलावी तशी. "लग्नात पोरीच्या अंगावर राख नेसवतेस काय गो?"

साडी मी आणली नव्हती. लेकीनं आणली होती, स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या पसंतीनं. ती समोरच बसली होती. तरी वन्सं माझ्याकडे बघून बोलल्या. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांचं भांडण कुणाशीही असलं तरी त्यांचं तोंड माझ्याकडे असतं. मी उत्तर देत नाही हे त्यांना पंचवीस वर्षं माहीत आहे. ज्या भिंतीवरून चेंडू परत येत नाही तिच्यावर मारायला सोपं पडत असेल.

"आत्या, राखाडी नाही, ग्रे म्हणतात. आणि काठ चांदीचा आहे," लेक म्हणाली.

"ग्रे म्हटलं म्हणून राख थंड होते काय?"

तो रंग राखेचा नव्हता. स्टीलचा डबा घासून उन्हात पालथा घातला की त्याच्या बुडावर जो रंग दिसतो, तो होता. माझा नवरा भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा. सकाळी सावळा माणूस घरातून निघायचा आणि संध्याकाळी राखाडी होऊन यायचा. भुवया राखाडी, कानाच्या पाळ्या राखाडी. रुमालात खाकरला तर तेही राखाडी. सात वर्षांपूर्वी छातीनंच गेला. म्हणून साडी पहिल्यांदा बघितली तेव्हा मी लेकीला विचारलं होतं, "बाबांसाठी घेतलीस का?"

"नाही गं आई. मला हा रंग चांगला दिसतो. प्रत्येक गोष्टीत बाबांना कशाला आणतेस?"

मला लागलं. पण बरंही वाटलं. तिला रंग म्हणजे नुसता रंग दिसत होता. आमच्या घरात तेवढं सुख आणखी कुणाला नव्हतं.

वन्संनी साडी पलंगावर टाकली आणि मग खरं बोलल्या. "ते ब्लाउजचं काय ठरलंय? ही भरणार म्हणे."

ही म्हणजे मी.

"आईच भरणार," लेक म्हणाली. "मी सांगितलंय तिला काय काढायचं ते. मिठाचे ढीग."

लेक चार वर्षांची होईपर्यंत आम्ही मुर्ध्याला राहत होतो, मिठागराच्या कडेला एका खोलीत. खिडकीतून मिठाचे पांढरे ढीग दिसायचे, एकामागे एक. तिला भात भरवताना मी एकेका ढिगाच्या नावानं घास घालायची. आता तिथे पत्रे लागलेत आणि आत इमारती उभ्या राहतायत. लेकीला राखाडी रेशमावर ते ढीग चांदीच्या जरीत हवे होते. तिनं वहीच्या पानावर काढूनही दिले होते, लहान लहान त्रिकोण. आम्ही दोघी मीठ-मोहरीनं दृष्ट काढलेल्या बायका, मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं.

वन्संना वाटलं. "अंगावर राख आणि वर मीठ. नवरी आहे की सुकी मासळी?" त्या हसल्या. मग हसू एकदम थांबवून मला म्हणाल्या, "हे बघ, तुला वाईट वाटेल, पण कुणीतरी सांगायला हवं. नवरीच्या चोळीला तुझा हात लागायचा नाही. सवाष्णीचा हात लागतो. मी आणि हे कन्यादानाला बसणार, मी चार लोकांना तोंड दाखवणार. उद्या पोरीचं काही वाकडं झालं तर सगळे म्हणतील, आईनंच सुई टोचली."

लेक उठून उभी राहिली. "आई, बोल ना."

मी चहाचं आधण ठेवायला गेले.

*

मी काय काम करते हे वन्संना नीट माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नाही. "टिकल्या लावते कसल्यातरी," असं त्या लोकांना सांगायच्या.

मी नवऱ्यांचे ब्लाउज भरते. नवऱ्या म्हणजे नवरी मुली. अकरा वर्षं झाली. आमच्या मजल्यावर उत्तरेकडचं एक कुटुंब राहायचं, त्यातल्या बाईला सगळे आपा म्हणायचे. तिचा नवरा जरीकाम करायचा. माझा नवरा आजारी पडायला लागला तेव्हा तिनं मला आरी धरायला शिकवली. आरी म्हणजे पुढे आकडी असलेली सुई. कापड लाकडी चौकटीवर ढोलासारखं ताणायचं, एक हात वर आरीला, एक हात खाली दोऱ्याला. वरचा हात बघतो, खालचा आंधळा असतो. आपा म्हणायची, "नीचेवाले हाथपे भरोसा रखो." माझा खालचा हात पहिल्यापासून चांगला चालला. न दिसता काम करायची सवय होती.

काम मीरा रोडच्या एका बुटीकमधून मिळतं. तिथल्या मॅडमला मी विधवा आहे हे माहीत आहे. नवरा गेल्यावर महिन्याभरानं मी काम आणायला गेले तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "दीदी, अबसे पीछेसे आना. ब्राइडके सामने मत आना." तेव्हापासून मी मागच्या दारानं जाते. पुढे काचेत पुतळे उभे असतात, त्यांच्या पाठीवर माझे मोर. पुतळ्यांना पुढच्या दारात उभं राहायची परवानगी आहे.

ह्या अकरा वर्षांत रंग किती बदलले ते आमच्यासारख्यांना विचारावं. आधी लाल, हिरवा, जांभळा, फार तर मोरपंखी. मग कांद्याच्या सालीचा गुलाबी आला. मग पिस्ता. मग एकदम सगळ्या नवऱ्या फिक्या झाल्या, जणू कुणी धुऊन वाळत घातल्यात. एकीनं काळा शालू घेतला होता, काठाला नुसती सोन्याची तार. मॅडमनं तो घेताना कानाला हात लावला आणि भाव मात्र जास्तच लावला. आणि पाठीवर काय काय काढून मागतात! डोली, वरमाला घालणारे नवरा-नवरी, लग्नाची तारीख, नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. एकीनं नवऱ्याचा चेहराच मागितला होता. फोटोवरून काढला. नाक जमलं, डोळे चोरासारखे झाले. तिनं तो पाठीवर घेऊन लग्न केलं. एकीनं आपल्या कुत्र्याचं तोंड मागितलं. ते मात्र फार सुंदर आलं. कुत्र्याच्या डोळ्यात काही लपवायचं नसतं.

त्या सगळ्या पोरींच्या पाठीवर माझा हात लागला. कुणी विचारलं नाही की हात कुणाचा. कुणाला ताप आला नाही. काही जणी तर मूल कडेवर घेऊन बहिणीच्या लग्नाचा ब्लाउज टाकायला पुन्हा दुकानात आल्या, मी मागच्या पडद्यातून बघितलं आहे.

हे सगळं मी त्या दिवशी वन्संना सांगू शकले असते. गॅसजवळ उभी राहून मी मनातल्या मनात सांगितलंही, अगदी ओळीनं. बाहेर आले ती चहाचे कप घेऊन.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायला लाज वाटते. मलाही भीती वाटत होती. परक्यांच्या पोरींना काही झालं नाही म्हणून माझ्या पोरीला होणार नाही कशावरून? नवरा गेला त्याच्या पुढच्या संक्रांतीला वन्संनी सगळ्या बायकांना वाण दिलं आणि माझ्यापाशी येऊन ताट तसंच पुढच्या बाईकडे नेलं. त्यानंतर कुणी सांगायच्या आधीच मी मागे सरकायला शिकले. हळद लागली की मी दारात. ओटी भरायची वेळ आली की मी स्वयंपाकघरात. दुसऱ्यानं मागे ढकललेलं माणूस पुढे येऊ शकतं. मी स्वतःच्या पायांनी गेले होते.

*

साडीवर वन्संचं काही चाललं नाही. मुलाच्या आईनं विरारहून फोनवर सांगितलं, "आम्हाला चालेल, पोरं आजकाल त्यांच्या मनाचंच घेतात." विधीला पिवळी अष्टपुत्री आणि लग्न लागताना राखाडी, असं ठरलं. वन्संनी ते गिळलं आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या.

"साडीचं मी सोडलं. पण ब्लाउज कुंकवाचा लाल, पाठीवर मोरांची जोडी, आणि तो मी करून घेणार. चांगल्या दुकानातून, सवाष्ण कारागिराकडून. हे मान्य असेल तर आम्ही कन्यादानाला बसतो. नसेल तर तुझं तू बघ."

मी म्हणाले, "बरं."

लेक त्या दिवसापासून माझ्याशी बोलेना. डबा घेऊन जायची, डबा आणून ठेवायची. एकदाच दारात चप्पल घालताना म्हणाली, "मिठाचे ढीग मी आत्यासाठी नव्हते काढले." तिचं वहीचं पान मी चौकटीच्या खाली ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत टाकलं होतं.

नवव्या दिवशी मी मीरा रोडला काम आणायला गेले. मॅडमनं मागच्या खोलीत दोन पिशव्या दिल्या. "दीदी, ये लालवाला पहले. शादी नजदीक है. आंटी बहुत किटकिट करती है, दो बार फोन आ चुका."

घरी येऊन मी पिशवी उघडली. कुंकवासारखं लाल रेशीम. शिंपी मास्तर कापायच्या आधी खडूनं ब्लाउजचा आकार कापडावर आखून देतात, भरकाम त्या आकारात करायचं असतं. पाठ आखलेली होती. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धं बोट खाली होता.

माझ्या लेकीचा डावा खांदा अर्धं बोट खाली आहे. शाळेत असताना दप्तर एकाच खांद्यावर टाकून जायची.

तरी मी म्हटलं, असतील दुसऱ्याही. मग चिठ्ठी बघितली. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढं वाचायला पुरतं. चिठ्ठीवर दुकानाचा नंबर, "दो मोर, आमने-सामने", आणि द्यायची तारीख. आमच्या घरच्या लग्नाच्या आठ दिवस आधीची. आणि टाचणीनं लावलेला एक तुकडा, दोऱ्याचा रंग जुळवायला. राखाडी. चांदीच्या काठाचा.

वन्संनी भाईंदर सोडून मुद्दाम मीरा रोडचं दुकान शोधलं होतं, माझा वाराही लागू नये म्हणून. त्यांना वाटलं, काचेच्या आत, एसीत, कपाळाला मोठं कुंकू लावलेल्या बायका रांगेनं बसून मोर भरतात. तिथे फक्त पुतळे असतात. भरणाऱ्या सगळ्या आमच्यासारख्या, कुणी खोलीत, कुणी गॅलरीत, कुणी पलंग उभा करून त्याच्या मागे.

मला हसू आलं. एकटीच होते, मोठ्यानं हसले. मग कापडावरचा हात काढून घेतला.

परत करता आलं असतं. दुसरीकडे द्या म्हटलं असतं तर मॅडमनं दिलं असतं. मी कापड घडी करून पिशवीत घातलं, पिशवी दाराच्या खिळ्याला लावली, भात टाकला, भात उतरवला. जेवताना ती पिशवी समोर लटकत होती. मग हात धुतले, परत एकदा साबणानं धुतले आणि कापड चौकटीवर ताणलं. देवापुढे काही बोलले नाही. काय बोलणार? परवानगी मागितली असती आणि दिली नसती तर?

*

मोर काढायची रीत अशी. कागदावर एकच मोर काढायचा, त्याच्या रेघेवर सुईनं बारीक भोकं पाडायची. हा झाला खाका. खाका कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड फडक्यानं चोळायची, की भोकांतून मोर कापडावर उतरतो. जोडी समोरासमोर हवी असेल तर दुसरा मोर उतरवताना कागद उलटा करायचा. एवढंच. पहिल्या महिन्यात शिकवतात.

पहिला मोर मी चार दिवसांत भरला. जरीकाम मळू नये म्हणून त्याच्यावर मलमल टाचली आणि दुसरा उतरवायला घेतला. पण त्या दिवसांत माझं डोकं जागेवर नव्हतं. हात काम करायचे आणि मी वन्संशी बोलायची. पंचवीस वर्षांचं सगळं. लग्नानंतर माझ्या माहेरच्या पातळांचा त्यांनी पोछा केला ते. नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत "तुझ्या पायगुणानं" म्हणाल्या ते. संक्रांतीचं ताट. एकेक टाका घालताना एकेक वाक्य. असं चांगलं भांडण मी आयुष्यात केलं नव्हतं. त्यांना एकदाही बोलू दिलं नाही.

दुसऱ्या मोराचं अंग झालं, पिसारा झाला, आणि मी मलमल काढली.

दोन्ही मोर एकाच बाजूला तोंड करून उभे होते. एक पुढे, दुसरा त्याच्या ढुंगणाकडे बघत मागे. मी कागद उलटा केलाच नव्हता.

नवरीच्या पाठीवर समोरासमोर नसलेले मोर. एक सोडून चाललेला, एक मागे राहिलेला. मॅडमनं बघितलं असतं तर दुकानात घेतलं नसतं, आणि वन्संना कळलं असतं तर त्यांनी सगळ्यांना सांगितलं असतं, बघा, मी म्हणत होते. मीही तेच म्हणत होते. चौकटीपुढे बसून मला वाटलं, लागला हात. हाच तो.

सगळा मोर उसवायला वेळ नव्हता, आणि रेशमावर उसवलं की सुईची भोकं राहतात, चाळणीसारखी. खाली भाजीवाला ओरडून गेला. मग मला दिसलं, की चुकलंय ते अंग नाही, मान चुकली आहे.

पुढच्या मोराची फक्त मान मी उसवली. आणि ती नवी काढली, वळवून, मागे बघणारी. खाका नव्हता, हातानंच काढली. आता पुढचा मोर मागच्याकडे बघत होता. समोरासमोर आले, पण चिठ्ठीत लिहिलं होतं तसे नव्हे.

जुन्या मानेच्या जागी भोकं उरली. ती झाकायला काहीतरी हवं होतं. मी पेटीतून लेकीचं पान काढलं. चांदीच्या जरीचे तीन लहान त्रिकोण त्या भोकांवर बसवले. तीनच राहिले तर ठिगळ दिसेल म्हणून दोन्ही मोरांच्या पायाखाली त्यांची रांग नेली, या काखेपासून त्या काखेपर्यंत. सत्तावीस झाले.

मागच्या दारानं नेऊन दिलं. मॅडमनं भुवया वर केल्या. "ये मोर पीछे क्यूं देख रहा है?"

तिनं उजेडात धरलं, मान तिरकी केली. "नया लगता है वैसे. और ये टेंपल भी डाल दिये. ठीक है. आंटीको बोलूंगी लेटेस्ट है."

*

लग्नाला चार दिवस असताना वन्सं शिवलेला ब्लाउज घेऊन आमच्याकडे आल्या. बांगड्या भरायला बिल्डिंगमधल्या बायका जमल्या होत्या. वन्संनी कागदी पिशवीवरचं दुकानाचं नाव सगळ्यांना दिसेल अशी ती मांडीवर ठेवली आणि ब्लाउज हळूहळू बाहेर काढला.

"बाई!" एकजण म्हणाली. "काय काम आहे!"

"लेटेस्ट आहे. मोर बघितलात? मागे वळून बघतोय. लाजलाय तो," वन्सं म्हणाल्या. "आणि खाली ही देवळं बघा. किती बारीक. मी मुद्दाम सांगितलं होतं, देवळं हवीत."

लेकीनं हात पुढे केला. ब्लाउज घेतला, आणि वरची बाजू न बघता उलटा केला. शाळेत असल्यापासून ती माझ्या चौकटीखाली झोपलेली. वरून काम बघायच्या आधी तिनं ते खालून बघितलेलं आहे. माझ्या टाक्याच्या शेवटी दोन गाठी असतात, आपानं एकच शिकवली होती. लेकीनं गाठीवर बोट ठेवलं. मग त्रिकोण मोजल्यासारखं केलं. मग माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. नको.

"आत्या, कुणी केलंय हे?" तिनं अगदी गोड आवाजात विचारलं.

"दुकानात कारागीर असतात. मी खात्री करून घेतलीय. सवाष्णच आहे, मॅडम शपथेवर म्हणाल्या."

ब्लाउज हातोहात फिरत माझ्या शेजारणीकडे आला. तिनं तो माझ्याकडे दिला, सहज, पुढे द्यायला. मी हात उचलला.

"अगं अगं!" वन्सं ओरडल्या. "हात नको. लांबनं बघ."

शेजारीण ब्लाउज हवेत धरून बसली. तिला कुठे ठेवावा कळेना. आणि मी मागे सरकले. खरंच सरकले, सवयीनं, भिंतीपर्यंत. पाठ भिंतीला लागली तेव्हा तोंड उघडलं.

"वन्सं, तो मी भरलाय."

माझा आवाज एवढा बारीक होता की बांगडीवालीनं "काय म्हणाल्या?" विचारलं. म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. "हा ब्लाउज मी भरलाय. ह्याच खोलीत. ह्या चौकटीवर."

"खोटं बोलतेस," वन्सं म्हणाल्या.

"मोराच्या पुढे तीन त्रिकोण आहेत, त्यांच्या खाली बोट लावून बघा. भोकं लागतील. तिथे आधी मान होती. माझी चूक झाली, ती मी झाकली. आणि ती देवळं नाहीत. मिठाचे ढीग आहेत."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. वन्संनी ब्लाउज शेजारणीच्या हातातून ओढून घेतला. बोट लावून बघितलं नाही. मला वाटतं, त्यांना पटलं होतं.

"मुद्दाम केलंस," त्या म्हणाल्या. "माझ्यावर सूड घ्यायला स्वतःच्या पोरीच्या पाठीवर..." ब्लाउज पिशवीत कोंबून निघून गेल्या.

मुद्दाम केलं का? मी लेकीलाही हेच सांगितलं, आधी भीतीनं केलं, मग रागानं, आणि शेवटचे ढीग कशानं केले ते मला सांगता येणार नाही. लेक म्हणाली, "तू बोललीस, आई." एवढंच. आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून बांगड्या खुळखुळवत पडून राहिली. इतक्या दिवसांचा अबोला तिनं एका मिनिटात संपवला.

*

लग्नाच्या सकाळी हॉलमधल्या नवरीच्या खोलीत वन्संनी ब्लाउज आणून दिला. कन्यादानाला त्या बसणार होत्या. न बसून कुठे जातील? पाहुण्यांतले अर्धे त्यांनीच बोलावलेले.

ब्लाउज दमट होता. वास मी दारातूनच ओळखला. गोमूत्र, आणि हळदीचं पाणी.

"शुद्ध करून घेतलाय," वन्सं कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "आता दोष नाही."

लाल रेशमावर हळद फारशी दिसत नव्हती. पण चांदीच्या जरीच्या आतल्या पांढऱ्या दोऱ्यानं ती पुरती धरली होती. सत्तावीस ढीग होते, त्यांतले निम्मे पिवळे. मिठागरात कुणीतरी रंगाचा डबा उपडा केल्यासारखे.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. "मी हा घालणार नाही. आई, दुसरा कुठलाही दे. टी-शर्टवर नेसते."

"घाल," मी म्हणाले.

"आई!"

"घाल. माझा आहे."

मी पुढे झाले आणि तिच्या पाठीचे हुक मीच लावले, वरपासून खालपर्यंत. वन्सं उभ्या होत्या. हात नको म्हणायला त्यांनी तोंड उघडलं असेल तर मला दिसलं नाही, मी हुकांकडे बघत होते. लग्न लागताना मी नवरीच्या मागच्या रांगेत उभी होते. तिथून नवरीची फक्त पाठ दिसते. मला दुसरं काही बघायचंही नव्हतं. राखाडी पदर एका बाजूनं आला होता. दुसऱ्या बाजूनं मागे वळलेली मान दिसत होती आणि तिच्या खाली पिवळे डाग.

जेवणाच्या पंगतीत वन्संनी मुलाच्या आईला दुकानाचं नाव आणि पत्ता लिहून दिला. हे मी स्वतः ऐकलं. मॅडम आता तो मोर सगळ्यांना विकते. मी त्यानंतर चार भरले. मानेच्या जागी भोकं नसतात, तरी तीन त्रिकोण घालावे लागतात, कारण दुकानातल्या फोटोत आहेत.

लेक पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ब्लाउज माझ्याकडे ठेवून गेली. "डाग जातील का गं?" जात नाहीत. मी लिंबू लावून बघितलं, ऊन दाखवून बघितलं. रेशमाची हळद जाईल, दोऱ्यातली जात नाही. एकच उपाय, पिवळे झालेले ढीग एकेक उसवायचे आणि त्याच भोकांतून पुन्हा भरायचे.

त्यासाठी मी चौकट खोलीतून काढून गॅलरीत आणली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. उजेड चांगला येतो, आणि खालचा रस्ता बाजाराकडे जातो. वन्सं रोज दहाच्या सुमारास पिशवी घेऊन त्याच रस्त्यानं जातात. पहिले दोन दिवस त्यांनी वर बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी लाल कापड दिसलं असणार. थांबल्या.

"काय करतेयस गो?" त्यांनी खालून विचारलं.

लग्नानंतर पहिल्यांदा बोलत होत्या. दूधवाला तिथेच उभा होता, पहिल्या मजल्यावरची बाई कपडे वाळत घालत होती. मी आरी वर धरली, आकडीत पिवळा दोरा अडकलेला होता.

"तुमची हळद काढतेय, वन्सं."

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "लोक ऐकतायत."

मी आवाज चढवला नव्हता. तेवढाच होता तो. मी मान खाली घातली आणि पुढचा ढीग उसवायला घेतला.